पाळी गेली, त्रास राहिला: त्याला नाव काय द्यायचं?

गटाची बैठक संपली, हप्ते भरून झाले, वही मिटली, की आपण हळू आवाजात जे बोलतो, तोच आजचा विषय आहे. पाळी जाण्याचा.

पाळी थांबली की आपण म्हणतो, "सुटले बाई!" पण पुष्कळ जणींची पाळी सुटते, त्रास सुटत नाही. चार-पाच वर्षं झाली तरी रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं पोलकं भिजतं, झोप उडते, सांधे धरतात, बारीकसारीक गोष्टीवरून रडू येतं. मग घरातले त्याला काहीतरी नाव देतात. "हिचं डोकं फिरलंय." "बाहेरचं काहीतरी आहे." "कामाचा कंटाळा करते." "वयाचं आहे, सोसायचं." जसं नाव पडतं, तशी पुढची वाट ठरते. कुणाला देवऋष्याकडे नेतात, कुणाची पिशवी काढतात, कुणाला कुठंच नेत नाहीत.

म्हणून आधी खरं काय घडतं ते बघू. सलग 12 महिने पाळी आली नाही, की ती गेली असं डॉक्टर धरतात. याला रजोनिवृत्ती म्हणतात. बहुतेक बायकांची पाळी 45 ते 55 या वयात जाते. आपल्या देशात सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे. त्याआधी काही वर्षं पाळी मागंपुढं होते, कधी जास्त जाते, कधी दोन-तीन महिने येतच नाही. या काळात बीजकोषात तयार होणारं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होत जातं. अंगाचा उष्मा सांभाळणारं केंद्र मेंदूत असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम काढायला लागतं. वाफा येतात त्या अशा. यात नाटक नाही आणि बाधाही नाही.

हे किती दिवस चालतं? अमेरिकेत हजारो बायकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. 2015 साली त्यातून जे छापून आलं, त्यात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या बायकांचा त्रास सात वर्षांहून जास्त चालला होता. पाळी सुरू असतानाच ज्यांना वाफा सुरू झाल्या, त्यांचा त्रास आणखी लांबला. तेव्हा "अजून कसं संपेना तुझं?" असं कुणी विचारलं, तर आपल्याकडे उत्तर आहे.

वाफा बहुतेकींच्या हळूहळू कमी होतात. पण अंगाची कोरड, संबंधाच्या वेळची आग, लघवीची घाई, वारंवार होणारी लघवीची जळजळ हे त्रास आपोआप जात नाहीत, उपचार केला नाही तर वाढतात. पूर्वी डॉक्टरांच्या पुस्तकात याला जे नाव होतं, त्याचा अर्थ फक्त "योनी सुकून आक्रसणे" असा होता. ते नाव घ्यायची बाईलाही लाज आणि डॉक्टरलाही संकोच. शिवाय त्यात लघवीचा त्रास येतच नव्हता. 2014 साली तज्ज्ञांनी ते बदलून लघवीचा त्रासही धरणारं नवं नाव दिलं.

मनाच्या त्रासाचंही तसंच. या वयातल्या बाईच्या उदासीला एकेकाळी वेगळ्या मानसिक रोगाचं नाव होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 साली ते आपल्या यादीतून काढलं. या वयात उदासी येऊ शकते, ती खरी असते, तिला उपचार असतात. पण पाळी गेली म्हणून बाई वेडी होत नाही.

आता "पिशवी खराब झालीय" या नावाचं बघू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची 2019 साली सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. कितीतरी जणी ऐन उमेदीतल्या होत्या. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि त्रास अधिक जोरात होतो. काही आजारांत ऑपरेशन लागतंच. पण आधी विचारायचं: आजाराचं नाव काय? दुसरा उपाय आहे का? बीजकोष ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्यायचं.

उलटी चूकही होते. सगळंच "पाळी जाण्याचं" म्हणून सोडून देतात. थकवा रक्त कमी असल्यानं असू शकतो, धडधड थायरॉइडमुळे, घाम साखर किंवा हृदयाच्या त्रासामुळे. तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बीपी एकदा तपासून घ्या. आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी त्याला "पाळी परत आली" म्हणायचं नाही. ते कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. चाळिशीच्या आत पाळी गेली तरी दाखवा.

दवाखान्यात जाण्याआधी महिनाभर कॅलेंडरवर लिहा. दुधाचा हिशोब लिहितो तसंच. वाफ आली तर "वा", झोप नाही तर "झो", रक्त दिसलं तर "र". लिहिता येत नसेल तर नातीला सांगा. डॉक्टरांपुढं "कसंतरी होतं" म्हणण्याऐवजी "रात्री चार वेळा घामानं उठते, दोन वर्षं झाली" असं सांगितलं, की त्यांना नेमकं कळतं.

घरी करण्यासारखंही आहे. रात्री सुती आणि सैल कपडे घाला. संध्याकाळनंतर चहा आणि फार तिखट कमी करा. हाडांसाठी नाचणी, तीळ, ताक, शेवग्याचा पाला खा, उन्हात चाला. मिसरी आणि तंबाखू सोडा. लघवी सुटत असेल तर लघवी रोखतो तसे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. हा व्यायाम भाकरी थापतानाही होतो. एवढ्यानं भागलं नाही, तर संप्रेरकांची औषधं आहेत, कोरडेपणासाठी मलम आहे, संप्रेरक नसलेल्या गोळ्याही आहेत. स्तनाचा कॅन्सर झालेल्या किंवा रक्ताच्या गाठी होणाऱ्या बाईला संप्रेरकांच्या गोळ्या सहसा देत नाहीत. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका. मन फारच खचलं तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवा आणि आशाताईंना बोलवा. ज्यांची पाळी अजून जायची आहे, त्या सुनांनाही बसवा. म्हणजे सासू रात्री उठून ओट्यावर जाऊन बसली, तर का बसली ते त्यांना कळेल.