देवघर

हा लेख घरातील उपासनास्थानाविषयी आहे. झारखंड राज्यातील याच नावाचे शहर आणि तेथील वैद्यनाथ मंदिर हा वेगळा विषय आहे.

देवघर म्हणजे राहत्या घरातील देवपूजेची खोली किंवा जागा होय. ज्या लाकडी, धातूच्या अथवा दगडी मखरात प्रत्यक्ष देव ठेवले जातात त्यास देव्हारा म्हणतात. मात्र बोलण्यात हे दोन्ही शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. अवाजवी स्तोम माजवणे या अर्थाचा ‘देव्हारे माजवणे’ हा वाक्प्रचार याच शब्दावरून आला आहे. मंदिर हे गावाचे, पंथाचे किंवा विश्वस्तांचे असते, तर देवघर एका कुटुंबाचे असते. त्यात कोणते देव असावेत हे काही अंशी कुळाने ठरवलेले असते, तर काही अंशी त्या घरातील माणसांच्या श्रद्धेने. वारसा आणि वैयक्तिक भक्ती यांचा हा मेळ नेहमीच सहज बसत नाही.

देव्हाऱ्यातील देव

महाराष्ट्रातील पारंपरिक देव्हाऱ्यात मुख्य स्थान कुलदैवताचे असते. खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा, रेणुका अशा कुलदैवतांची प्रतिमा बहुधा टाकाच्या रूपात असते. टाक म्हणजे चांदीच्या किंवा अन्य धातूच्या पत्र्यावर ठसा उठवून केलेली हाताच्या तळव्यात मावेल एवढी प्रतिमा. ती सोनाराकडून घडवून घेतात. घोड्यावर बसलेला खंडोबा व म्हाळसा ही टाकांवरील नेहमीची आकृती आहे. कुळातील मृत पूर्वजांचे, विशेषतः वीरांचे, टाकही अनेक घरांत पूजले जातात. नाशिकमध्ये धुळवडीच्या दिवशी असे घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालण्याची प्रथा आहे. कुलदैवताच्या यात्रेला जाताना घरचे टाक सोबत नेऊन मूळ स्थानच्या देवाशी त्यांची भेट घडवतात. घरातला देव आणि क्षेत्रातला देव एकच असला, तरी त्याला अधूनमधून आपल्या ठाण्यावर जावे लागते, अशी यामागची कल्पना आहे.

स्मार्त घरांत पंचायतन असते. त्यात शिव, विष्णू, सूर्य, गणपती आणि देवी या पाच देवता असून घराण्याची इष्ट देवता मध्यभागी व उरलेल्या चार उपदिशांना मांडतात. शिवपंचायतनात शिव मध्यभागी, विष्णू ईशान्येस, सूर्य आग्नेयेस, गणपती नैर्ऋत्येस आणि देवी वायव्येस असते. या देवता मूर्तीऐवजी नैसर्गिक दगडांच्या रूपातही पूजल्या जातात. विष्णूसाठी गंडकी नदीतील शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतील बाण, गणपतीसाठी शोण नदीतील तांबडा दगड व सूर्यासाठी स्फटिक वापरतात. शाळिग्राम व बाण यांची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, कारण ते स्वभावतःच देवरूप मानले जातात.

विवाहाच्या वेळी वधू गौरीहराजवळ बसून अन्नपूर्णेची पूजा करते आणि ती पितळी किंवा चांदीची लहानशी मूर्ती घेऊन सासरी येते. अनेक घरांत माहेरहून रांगता बाळकृष्णही दिला जातो. टाक पतीच्या कुळातून आलेले, पंचायतन पतीच्या घराण्याचे; त्यांच्या रांगेत सुनेबरोबर आलेली अन्नपूर्णा बसते. काही पिढ्या जुन्या देव्हाऱ्यात दोन-तीन अन्नपूर्णा आढळल्या, तर त्या घरात कितीजणी नांदल्या याची ती एक प्रकारची नोंद असते. कुलवृत्तांतात मात्र पुष्कळदा या स्त्रियांची नावेही नसतात.

घरातील मूर्ती लहान असावी असा संकेत आहे. मत्स्यपुराणात ती अंगठ्याच्या पेराएवढीपासून वीतभरापर्यंत असावी, असे सांगितले आहे. धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांत घरात दोन शिवलिंगे, दोन शंख, दोन शाळिग्राम अथवा तीन गणपती पूजू नयेत असाही नियम येतो. भेट म्हणून आलेल्या गणेशमूर्तींचे काय करावे, हा आजच्या घरांतील प्रश्न या नियमामुळेच पडतो.

नित्यपूजा

पूर्ण पूजा षोडशोपचारे, म्हणजे आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत सोळा उपचारांनी होते. ऋग्वेदातील पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा या सोळा उपचारांना जोडल्या जातात. रोजच्या धावपळीत बहुतेक घरांत गंध, फूल, धूप, दीप व नैवेद्य एवढे पाच उपचार होतात. ताम्हन, पळी-पंचपात्र, घंटा, शंख, समई, निरांजन, गंध उगाळण्याची सहाण व चंदनाचे खोड ही पूजेची नेहमीची उपकरणी होत. देवांना ताम्हनात घेऊन स्नान घालायचे, पुसायचे, पुन्हा आपापल्या जागी ठेवायचे, आदल्या दिवशीचे निर्माल्य काढायचे, हा क्रम वर्षानुवर्षे तसाच चालतो. पूजेचा आध्यात्मिक परिणाम सांगताना मंत्रांचा अर्थ विशद केला जातो. परंतु बहुसंख्य उपासकांच्या बाबतीत हा परिणाम अर्थापेक्षा हातांच्या या रोजच्या सवयीतून घडतो, असे म्हणता येईल. नवरात्रात ही सवयही थांबते. घटस्थापनेनंतर देव ‘बसतात’, आणि अनेक घरांत विड्याच्या पानांवर ठेवलेले टाक उत्थापनापर्यंत जागचे हलवत नाहीत.

पूजेचे अधिकार समान नव्हते. पूजाविधीच्या पारंपरिक पोथ्या यजमान पुरुष गृहीत धरून लिहिलेल्या आहेत. फुले काढणे, वाती वळणे, नैवेद्याचा स्वयंपाक व दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावणे ही कामे स्त्रियांकडे असत. मासिक पाळीच्या दिवसांत त्यांना देवघरात जाण्यास मनाई होती व अनेक घरांत ती आजही पाळली जाते. सोयर-सुतकात मात्र सगळ्या घराचीच पूजा थांबते आणि ती शेजाऱ्याकडून किंवा भटजींकडून करवून घेतात. प्रत्यक्षात अनेक समाजांत रोजची पूजा स्त्रियाच करीत आल्या आहेत. शहरांतील छोट्या कुटुंबांतही आज हे सर्रास दिसते.

वाटणी

एकत्र कुटुंब विभक्त होताना देवांचे काय करायचे हा जमिनीच्या वाटणीइतकाच नाजूक विषय असतो. मूळ देव थोरल्याकडे राहावेत आणि धाकट्यांनी नवे टाक करून घ्यावेत, ही सर्वसाधारण रीत आहे. काही घराण्यांत पूजा पाळीपाळीने फिरते. अशाच पाळीवरून कोलकात्यातील एका कुटुंबात वाद झाला व प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक या नावाने तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. आपल्या पाळीच्या काळात कुलदेवतेची मूर्ती आपल्या घरी हलवता येईल काय, असा प्रश्न होता. 1925 च्या निर्णयात मूर्ती ही केवळ जंगम मालमत्ता नाही, तिच्या स्थानाविषयी तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे आणि त्यासाठी तिच्या वतीने निःपक्ष व्यक्ती उभी असावी, असे सांगण्यात आले. हा निर्णय धर्मदाय संपत्ती जोडलेल्या प्रतिष्ठित मूर्तीविषयी आहे. सामान्य घरातील देव्हारा न्यायालयात जात नाही, मात्र देव कोणाकडे राहिले याची सल भावंडांमध्ये दीर्घकाळ टिकू शकते.

देवघराविना उपासना

देव घरात मांडून ठेवण्याची गरज आहे काय, हा प्रश्न परंपरेच्या आतूनच विचारला गेला आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या शिवमानसपूजा या स्तोत्रात सर्व उपचार मनानेच अर्पण केलेले आहेत. लिंगायत उपासक इष्टलिंग अंगावर धारण करतो आणि पूजेच्या वेळी ते तळहातावर घेतो; त्यामुळे त्याचे उपासनास्थान त्याच्याबरोबरच असते. 1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा नाकारली.

सर्वांत मोठा बदल 14 ऑक्टोबर 1956 नंतर झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी पहिल्या तीन प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या व त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. धर्मांतरित कुटुंबांपुढे त्यामुळे पिढ्यान्पिढ्या पूजलेल्या देवांचा प्रश्न उभा राहिला. अनेकांनी ते नदीत वा विहिरीत सोडले. ज्या जागी देव्हारा होता तेथे बुद्ध व आंबेडकर यांच्या प्रतिमा आल्या आणि त्यांच्यापुढे त्रिशरण-पंचशील म्हटले जाऊ लागले. देव सोडणे हा येथे स्वाभिमानाचा निर्णय होता. घरातील वडीलधाऱ्यांना तो नेहमीच सोपा गेला असे नाही.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत क्रूस, येशू, मारिया व संत यांच्या प्रतिमांचे आल्तार असते. कोरीव लाकडी पेटीसारख्या स्वरूपातही ते आढळते. संध्याकाळी त्यासमोर कुटुंब एकत्र बसून तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणते.

छापील देव आणि शहरी घरे

राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. तेथील रंगीत चित्रांमुळे लक्ष्मी, सरस्वती, दत्त अशा देवता अल्प किमतीत घरोघर पोहोचल्या. ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता त्यांच्या भिंतीवरही देव आला. टाकाला कुळ लागते, तसबिरीला ते लागत नाही. साईबाबा, स्वामी समर्थ, गजानन महाराज यांच्या तसबिरी देव्हाऱ्यात येतात त्या बहुधा घरातील एखाद्याच व्यक्तीच्या श्रद्धेने.

वाड्यांत व कोकणातील घरांत देवघराला स्वतंत्र खोली असे. चाळीच्या खोलीत ते फळीवर आले आणि सदनिकांत स्वयंपाकघरातील कपाटाशेजारी. परदेशातील मराठी घरांत धुराची सूचना देणाऱ्या यंत्रांमुळे धूप-कापराला मर्यादा येते व विजेवरचा दिवा लावला जातो.

खंडित मूर्ती वाहत्या पाण्यात विसर्जित करावी असा नियम आहे. परंतु मूर्ती अभंग असून पूजा करणारेच उरले नाहीत, तर काय करावे याचे सर्वमान्य उत्तर नाही. म्हाताऱ्या आईवडिलांच्या पश्चात घर बंद होते, तेव्हा काही जण देव नातेवाइकांकडे सोपवतात, काही मंदिरात नेऊन देतात, तर तसबिरी अनेकदा पिंपळाच्या पारावर ठेवलेल्या दिसतात. समया, घंटा यांसारखी काही पूजोपकरणी संग्रहांत जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वापराच्या वस्तूंबरोबर जुन्या दिव्यांचा मोठा संग्रह पाहावयास मिळतो.