रनिंग मेट: पाठिंबा कोणाचा, जागा कोणाला?

अमेरिकेची निवडणूक जवळ आली की आपल्याकडच्या वाहिन्यांवरही एक शब्द सतत ऐकू येतो, रनिंग मेट. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी ज्याला उभं करतो, तो रनिंग मेट. आपल्याकडे उपराष्ट्रपती खासदार निवडतात. तिथे मतदार एकाच मतात दोघांना निवडतात, आणि जोडीदार कोण हे प्रत्यक्षात एकटा उमेदवार ठरवतो.

या पदाला रोजचं काम फारसं नाही, मग एवढी चर्चा कशाला? कारण आजवर ९ उपराष्ट्राध्यक्ष मुदतीच्या मध्येच राष्ट्राध्यक्ष झाले आहेत. आठ वेळा राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एकदा निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रुमन उपराष्ट्राध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले आणि महायुद्धाची सूत्रं ट्रुमन यांच्या हाती आली. त्याच वर्षी अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय त्यांनीच घेतला. म्हणून ही निवड कशी होते हे समजून घ्यायला हवं.

साधा अंदाज असा की जो आधी जाहीर पाठिंबा देईल त्याला बक्षीस म्हणून ही जागा मिळेल. प्रत्यक्षात काय होतं ते दोन उदाहरणांतून पाहू.

पहिलं उदाहरण २०१६ चं. डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागत होते, आणि पक्षातले बडे नेते त्यांच्यापासून अंतर राखून होते. अशा वेळी न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २६ फेब्रुवारीला त्यांना उघड पाठिंबा दिला. ते स्वतःही स्पर्धेत होते आणि नुकतेच बाहेर पडले होते. दुसरीकडे इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स. त्यांनी आपल्या राज्यातल्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांतर्गत मतदानाच्या, तोंडावर ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांना मत देणार असल्याचं सांगितलं. क्रूझ हरले. जुलैमध्ये ट्रम्प यांनी रनिंग मेट जाहीर केला, तो पेन्स!

गरज सरो वैद्य मरो, असं कोणी म्हणेल. पण त्यामागे हिशेब होता. ख्रिस्ती यांचा पाठिंबा आधीच खिशात होता, त्यांना जागा देऊन नवीन मतं येणार नव्हती. ट्रम्प यांच्याकडे उणीव होती ती इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांच्या विश्वासाची. तीन वेळा लग्न केलेल्या न्यूयॉर्कच्या बिल्डरबद्दल त्यांच्या मनात शंका होती. पेन्स त्यांच्यातलेच, शिवाय १२ वर्षं काँग्रेसमध्ये बसलेले. त्यांचं जोडीला उभं राहणं हाच त्या वर्गासाठी पाठिंब्याचा शिक्का होता.

दुसरं उदाहरण २०२० चं, डेमोक्रॅटिक पक्षाचं. जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. मोहीम संपल्यातच जमा होती. मग साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी २६ फेब्रुवारीला त्यांना पाठिंबा दिला. तीनच दिवसांनी बायडन यांनी ते राज्य मोठ्या फरकानं जिंकलं. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत जवळपास निम्म्या मतदारांनी क्लायबर्न यांचा शब्द महत्त्वाचा ठरल्याचं सांगितलं. त्यानंतर दोनच दिवसांत एमी क्लोबुशार आणि पीट बुटिजेज यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, आणि पारडं फिरलं.

१५ मार्चच्या वादफेरीत बायडन यांनी शब्द दिला की माझी जोडीदार स्त्री असेल. मोक्याच्या वेळी पाठिंबा दिलेल्या क्लोबुशार यांचं नाव चर्चेत होतंच. पण मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मारले गेले. क्लोबुशार पूर्वी त्याच भागात सरकारी वकील होत्या. जूनमध्ये त्यांनी स्वतःच माघार घेतली आणि ही जागा श्वेतवर्णीय नसलेल्या स्त्रीला द्यावी असं सुचवलं. ऑगस्टमध्ये नाव आलं ते कमला हॅरिस यांचं. त्यांनी पाठिंबा दिला तो ८ मार्चला, पारडं फिरल्यानंतर. त्याआधी, २०१९ च्या वादफेरीत, त्यांनी बायडन यांना वर्णभेदाच्या जुन्या प्रश्नावरून चांगलंच धारेवर धरलं होतं.

आपल्याकडे तेव्हा हॅरिस यांच्या आईच्या चेन्नईची चर्चा जास्त झाली. पण त्यांच्या निवडीमागे साउथ कॅरोलायनाचा वाटा मोठा होता. ज्या कृष्णवर्णीय मतदारांनी बायडन यांना बुडताना वाचवलं, त्यांना या जोडीत आपलं माणूस हवं होतं.

दोन्ही उदाहरणांचं सार एकच. पाठिंबा देणाऱ्या व्यक्तीला जागा मिळेलच असं नाही. पाठिंब्यातून दिसतं ते हे, की उमेदवाराला कोणी तारलं आणि कोण अजून दूर आहे. जागा त्या हिशेबानं भरली जाते.

या हिशेबात एक धोकाही आहे. प्रचारातली उणीव नोव्हेंबरपर्यंतची असते, जोडीदार मात्र चार वर्षांचा. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा निकाल उलटवण्यासाठी ट्रम्प यांनी पेन्स यांच्यावर दबाव आणला, आणि पेन्स यांनी नकार दिला. मतं मिळवण्यासाठी घेतलेला माणूस त्या दिवशी राज्यघटनेच्या बाजूनं उभा राहिला. २०२४ मध्ये पेन्स यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला नाही. तोपर्यंत पक्ष पूर्णपणे ट्रम्प यांच्या मुठीत होता, उणीव भरून काढण्याची निकड उरली नव्हती. त्यांनी निवडलं जे. डी. व्हान्स यांना, ज्यांना २०२२ मध्ये ओहायोतून सिनेटवर जाताना ट्रम्प यांचाच पाठिंबा कामी आला होता. म्हणजे इथे पाठिंब्याची दिशाच उलटी!

पुढच्या वेळी रनिंग मेटचं नाव जाहीर झालं, की तीन प्रश्न विचारा. उमेदवाराला कोणी तारलं? कोण अजून दूर आहे? आणि उद्या या जोडीदारावर देश चालवायची वेळ आली तर? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रचारवाले शोधतातच. तिसरा प्रश्न मतदारांनी विचारायचा असतो.

भेटू पुढच्या भागात.