इंजिन बांधण्याचे शिक्षण

मोटारीचे इंजिन पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून किंवा दुरुस्त करून ते पुन्हा बांधण्याला गॅरेजमध्ये ‘फुल इंजिन काम’ म्हणतात. आयटीआयमध्ये हे काम ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ या दोन वर्षांच्या आणि ‘मेकॅनिक डिझेल’ या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात शिकवतात. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर अनुभव घेता येतो. उस्तादाच्या हाताखाली गॅरेजमध्येच तयार झालेलेही पुष्कळ असतात आणि आवाजावरून बिघाड ओळखण्यात त्यांचा हात धरणारा सहसा मिळत नाही. मात्र बांधलेले इंजिन किती टिकेल हे मापांवर ठरते, म्हणून शिक्षणाचा सर्वाधिक वेळ मापे घेण्यावर खर्च व्हायला हवा.

इंजिन खोलण्याआधी ते खोलण्याची गरज आहे का, हे तपासायला शिकवतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा दाट धूर म्हणजे बहुधा पाणी आत शिरते आहे. मग प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजतात. पेट्रोल इंजिनाचा एखादा सिलिंडर कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये असतो. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग संशयित ठरते, आणि अशा वेळी अनेकदा फक्त हेड उतरवून काम भागते.

खोलताना घाई नडते. हेडचे बोल्ट इंजिन थंड असताना, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करतात. नाहीतर हेड वाकते. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप जोडीने बोअर केलेली असते. ती दुसऱ्या रॉडला लावली तर भोक गोल राहत नाही आणि बेअरिंग लवकर जाते. म्हणून सुट्या करण्यापूर्वीच दोन्हींवर खुणा करतात.

यानंतर मोजमाप. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगेच्या परतण्याच्या जागी आढळते, कारण तिथे उष्णता आणि दाब सर्वाधिक, तर ऑइल सर्वांत कमी. समजा, मूळ ७५ मिलिमीटरचा बोअर वरच्या भागात एका दिशेने ७५.१८ आणि दुसऱ्या दिशेने ७५.१० भरला, तर त्याची लंबगोलाई ०.०८ झाली. खाली पहिल्याच दिशेने ७५.०४ भरला, तर निमुळतेपणा ०.१४. पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर मोठ्या मापांत मिळतात. वरवर पाहता इथे ०.२५ पुरेल असे वाटते. पण सगळी झीज एकाच बाजूला असेल, तर बोअरचा मध्य न हलवता ७५.२५ पर्यंत गेल्यावरही त्या बाजूचा खड्डा शिल्लक राहतो आणि ०.५० घ्यावेच लागते. हा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः कागदावर मांडून घेतला, की मोजमापाचा अर्थ त्याला खऱ्या अर्थाने कळतो. पिस्टन आधी हाती घेऊन, तो मोजून मगच बोअर करायचा, हा नियमही इथेच पक्का होतो.

बोअर वाढवून झाल्यावर तो होनिंगच्या दगडाने घासतात आणि मग गरम पाणी आणि साबणाने धुतात. नुसत्या रॉकेलने दगडाची बारीक पूड पूर्ण निघत नाही, आणि ती राहिली तर नव्या रिंगा खाऊन टाकते. पांढरे कापड फिरवून स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे आणि लगेच ऑइल लावायचे, नाहीतर गंज धरतो.

बांधणीत प्रत्येक रिंग आधी बोअरमध्ये बसवून फिलर गेजने तिच्या टोकांमधील फट पाहतात. फट फार कमी असेल तर उष्णतेने फुगून टोके भिडतात, रिंग तुटते आणि बोअर खरवडला जातो. पिस्टनवर चढवताना रिंगांची तोंडे एका ओळीत येऊ देत नाहीत. ब्लॉकमधील बोल्टची भोके कोरडी करणे अत्यावश्यक आहे: तळ बंद असलेल्या भोकात ऑइल साचले, तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉकच तडकू शकतो. हेड टॉर्क पान्याने मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळतात. टायमिंगच्या खुणा जुळवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवल्याशिवाय स्टार्टरला हात लावत नाहीत.

टॅपेट लावताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवताना, १-३-४-२ असा फायरिंग क्रम असलेल्या इंजिनात चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले, की पहिल्याचे टॅपेट लावायचे. इंजिन सुरू झाल्यावर प्रथम ऑइलचा दाब पाहतात. तो काही सेकंदांत आला नाही तर लगेच बंद करतात. पहिले काही शे किलोमीटर गाडी जड ओझ्याने किंवा सलग एकाच वेगाने चालवत नाहीत, कारण रिंगा बोअरला बसायला तेवढा काळ लागतो. मग ऑइल आणि फिल्टर बदलतात, टॅपेट पुन्हा तपासतात आणि कंपनीच्या पुस्तिकेत तसे सांगितले असेल तर हेडही पुन्हा आवळतात.