गरोदरपणावर वस्तीचा भार

कोरोनाकाळात अमेरिकेत मातामृत्यू वाढले आणि त्याचा मोठा फटका कृष्णवर्णीय महिलांना बसला. २०१९मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ४४ कृष्णवर्णीय माता दगावल्या होत्या. २०२१मध्ये हे प्रमाण ६९.९वर गेले. गोऱ्या मातांमध्ये ते २६.६ होते.

याला केवळ विषाणू कारणीभूत नव्हता. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या गेल्या आणि तिथे घरकर्ज मिळणे अवघड झाले. १९६८च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरवला. तरी यातल्या अनेक वस्त्यांत आजही झाडे कमी आणि उष्मा, प्रदूषण जास्त आहे.

सततच्या ताणामुळे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके बिघडतात, रक्तदाब वाढतो, झोप उडते. मुदतपूर्व प्रसूतीचा धोकाही वाढतो. वर्षानुवर्षांच्या या झिजेला संशोधक अर्लिन जेरोनिमस यांनी १९९२मध्ये ‘वेदरिंग’ म्हटले. त्यात टाळेबंदीने माहेरचा आधार तोडला. न्यूयॉर्कमधील काही रुग्णालयांनी तर सुरुवातीला प्रसूतीवेळी जोडीदारालाही मनाई केली होती.

म्हणूनच गर्भवतीचा रक्तदाब मोजताना घर कसे आहे, झोप लागते का, सोबत कोण आहे, हेही विचारायला हवे. उपचाराची सुरुवात तिथूनच होते.