नॅनोकण आणि तळव्यावरचा काळा डाग

४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन जवळ आला की वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो: ‘नॅनोकणांनी त्वचेचा हट्टी कर्करोग नमवला’. मथळा तुम्ही वाचला असेलच. बातमी तळापर्यंत वाचली तर कळतं, की बरा झालेला रुग्ण उंदीर होता. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण आपल्या परभणीतल्या पाथरी-गंगाखेडच्या माणसाच्या पदरात त्यातलं काय पडणार, हे कुणीतरी विचारायला हवं.

हट्टी म्हणजे मेलानोमा. पाश्चात्त्य देशांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांत बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. त्याच्यावर नेम धरणारं वेम्युराफेनिब २०११ साली आलं, तेव्हा गाठी बघता बघता विरल्या आणि बहुतेकांच्या वर्षाच्या आत पुन्हा वाढल्या. एक वाट बंद झाली की पेशी दुसरी शोधते. काही पेशी तर आत शिरलेलं औषध उपसून बाहेर टाकतात. नॅनोवाले म्हणतात, दोन औषधं एकाच कणात भरा, दोन्ही एकदम पेशीत उतरू द्या, तिला वाट बदलायला सवडच मिळणार नाही. तर्क बिनतोड आहे. घोडं अडतं ते पोचवण्यात.

१९८६ साली जपानच्या हिरोशी माएदा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं सांगितलं, की गाठीतल्या रक्तवाहिन्यांना फटी असतात, त्यातून बारीक कण आत झिरपतात आणि तिथेच मुक्काम करतात. या एका कल्पनेवर पुढे तीस वर्षं प्रबंध लिहिले गेले. मग टोरांटो विद्यापीठाच्या वॉरन चॅन यांनी हिशेब मागितला. मला हा माणूस आवडतो. स्वतः नॅनोकणांवर पोट असलेला, आणि तरी आपल्याच दुकानाची वही उघडणारा. चॅन आणि मंडळींनी दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले आणि टोचलेल्या मात्रेतलं गाठीपर्यंत किती पोचलं ते काढलं. २०१६ मध्ये छापून आलेला मधला आकडा होता ०.७ टक्के. रेशनची हजार पोती निघाली आणि गावात सात उतरली, असा हा कारभार. उरलेला बराचसा माल यकृत आणि प्लीहा वाटेतच ठेवून घेतात. एवढ्यावर ते थांबले नाहीत. २०२० मध्ये त्यांच्याच गटानं दाखवलं, की फटींचा वाटा किरकोळ आहे. गाठीत शिरलेल्या कणांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत कण वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींनीच आत ओढून घेतलेले असतात. म्हणजे इतकी वर्षं बंद दारावर चाव्या लावणं चाललं होतं! यावर अर्थातच वाद झाले. व्हायलाच हवेत.

मग नॅनोऔषधं निरुपयोगी का? मुळीच नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालेलं डॉक्सिल हे पहिलं मोठं उदाहरण. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं जुनंच औषध मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलं आणि हृदयाला होणारी इजा बरीच कमी झाली. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सरकारनं मुंबईच्या सन फार्माचं तसंच औषध, लिपोडॉक्स, मागवायला परवानगी दिली. गंमत अशी, की या पिशव्यांचा एक ठरलेला दुष्परिणाम म्हणजे हाताचे-पायाचे तळवे लाल होऊन सोलटणं. जिथे बोलावलं तिथे जेमतेम पोचतात आणि न बोलावता तळव्यात जाऊन बसतात.

संशोधनही आपल्याकडे होतं. आयआयटी मुंबई आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांनी २०१५ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेले, शरीरात विघटन होणारे मेदकण उंदरांच्या गाठींत सोडून, त्यावर लेसर टाकून गाठी तापवून मारल्या. पुण्याच्या जिनोव्हानं कोविडची एमआरएनए लस मेदाच्या नॅनोकणांवर बसवली. २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि तिला साध्या फ्रिजचं तापमान पुरतं. हे महत्त्वाचं आहे, कारण मेलानोमात सध्याची सर्वांत भरवशाची नॅनोबातमी लशीचीच आहे. मॉडर्ना आणि मर्कच्या १५७ रुग्णांच्या चाचणीत प्रत्येकाच्या गाठीबरहुकूम बनवलेली लस नेहमीच्या प्रतिकारशक्तीच्या औषधासोबत दिली, तर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. इथे कणांना गाठीपर्यंत जायचंच नव्हतं. दंडात टोचायचं, पुढची लढाई शरीरानं लढायची. माझं मत विचाराल तर नॅनोचं भविष्य याच बाजूला आहे.

आता आपल्या पायाखाली बघू. भारतीयांना मेलानोमा कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळव्याला किंवा नखाखाली. गायक बॉब मार्लीला पायाच्या नखाखाली झाला होता. तो १९८१ मध्ये ३६व्या वर्षी गेला. या प्रकारात बीआरएएफचा बिघाड बराच कमी आढळतो, म्हणजे ज्या औषधाभोवती एवढा गाजावाजा आहे ते मुळातच आपल्या थोड्यांच्या कामाचं. वरून नॅनोजेल चोळावं, तर शरीरातली सर्वांत जाड कातडी तळव्याचीच. आणि आपल्याकडे तळव्यावरचा काळा डाग म्हणजे तुरीचं धसकट लागलेलं, नाहीतर कुरूप. त्यावर ब्लेड चालतं, नाहीतर बिब्ब्याचा चटका बसतो. बिब्बा स्वतःच काळा डाग पाडतो. झालं, आता खालचा डाग कुणाला दिसणार?

दुसरी जागा कमरेची, पण तिथला कर्करोग मेलानोमाहून वेगळा. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळली की कातडी काळवंडते, खवले धरते, चिघळते आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतराच्या अशा कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा स्त्रियांची उदाहरणं पुन्हा छापली. म्हणजे जवळपास ऐंशी वर्षं! यावर उपाय नाडी सैल करणं किंवा जागा बदलणं, आणि जखम लवकर दाखवणं.

परभणीहून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. केंद्रानं २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं उभारू म्हटलंय. त्याचा पाठपुरावा परभणीकरांनी करायला हवा. तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे, पायाची नखं आणि कमरेचा पट्टा उजेडात बघा. वाढणारा, रंग बदलणारा डाग किंवा महिनाभर न भरणारी जखम दिसली तर बिब्बा लावू नका, कापू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि तुकडा तपासायची गरज आहे का, हे स्वतःहून विचारा.