दाहरोधक आहार

दाहरोधक आहार म्हणजे शरीरातील दीर्घकालीन, सौम्य दाह कमी राखण्यास साहाय्यभूत ठरणारी आहारपद्धती होय. हा एखादा ठरावीक पदार्थ वा औषध नसून संपूर्ण धान्ये, डाळी, पालेभाज्या, फळे, तेलबिया आणि मसाल्याचे पदार्थ यांना प्राधान्य देणारी आणि साखर, मैदा व अतिप्रक्रिया केलेले पदार्थ मर्यादित ठेवणारी जेवणाची रीत आहे. हृदयविकार, मधुमेह (प्रकार २) आणि पक्षाघात यांचा धोका कमी करण्याच्या संदर्भात तिचा अभ्यास केला जातो.

संज्ञेचा अर्थ

येथील 'दाह' म्हणजे छातीतील जळजळ किंवा पित्त नव्हे. जखम किंवा जंतुसंसर्ग झाल्यास शरीराची प्रतिकारयंत्रणा जो प्रतिसाद देते, त्यास वैद्यकशास्त्रात दाह म्हणतात. लोकव्यवहारातील 'उष्ण' व 'थंड' पदार्थांच्या कल्पनेशीही त्याचा संबंध नाही. परंपरेने उष्ण मानले जाणारे लसूण, हळद व जवस हे पदार्थ दाहरोधक आहारात समाविष्ट होतात.

कार्यपद्धती

तीव्र दाह उपकारक असतो व काही दिवसांत शमतो. दीर्घकालीन दाह मात्र लक्षणे न दाखवता वर्षानुवर्षे टिकतो. पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी दाहकारक द्रव्ये स्रवते. त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची हानी होते. यकृतात तयार होणाऱ्या 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन' या प्रथिनाच्या रक्तातील प्रमाणावरून दाहाचा अंदाज घेतला जातो.

ही बाब भारतीयांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. दिसण्यात सडपातळ असूनही शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असण्याची भारतीयांतील प्रवृत्ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे प्रकाशात आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

संशोधन

स्पेनमध्ये सुमारे ७,४०० व्यक्तींवर झालेल्या 'प्रेडिमेड' चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा यांची जोड दिलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार, पक्षाघात आदी गंभीर घटनांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. २०१३ मधील हा निबंध सहभागींच्या गटवाटणीतील त्रुटींमुळे मागे घेण्यात आला आणि २०१८ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला; निष्कर्ष बव्हंशी तेच राहिले. आहाराची दाहक्षमता मोजण्यासाठी अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात तयार झालेल्या निर्देशांकात ४५ आहारघटक असून त्यांत हळद, लसूण, आले व मिरे यांचा समावेश आहे.

वऱ्हाडातील पारंपरिक आहार

बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमेलगत आहे. या भागातील जुन्या जेवणात दाहरोधक आहाराचे अनेक घटक आढळतात.

ज्वारी: भाकरीच्या ज्वारीत दर १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतुमय घटक असतात, पॉलिश केलेल्या तांदळात ते ३ ग्रॅमहून कमी असतात.

जवस: यात अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ मेदाम्ल विपुल असते. अखंड दाणे पुष्कळदा न पचताच बाहेर पडतात. म्हणून भाजून कुटलेली चटणी अधिक उपयुक्त ठरते. कुटलेले जवस लवकर खवट होत असल्याने ती थोडी थोडी करावी लागते.

डाळी व भाज्या: तुरीचे वरण, बेसनाचे पिठले, अंबाडी, मेथी आणि पावसाळ्यातील तरोट्याची भाजी.

हळद: यातील कर्क्युमिन रक्तात फार कमी शोषले जाते, मिऱ्यातील पिपरिनमुळे हे शोषण वाढते.

गेल्या काही दशकांत बुलढाणा जिल्ह्यात ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीनचे वाढले. शेतात पिकणारे धान्य विकत घेण्याची वस्तू झाले, तर चहातील साखर, बिस्किटे, फरसाण आणि तळलेले पदार्थ नित्याचे झाले. तथापि पारंपरिक ताटही सर्वस्वी निर्दोष नाही. ठेचा, लोणचे व पापड यांत मीठ बरेच असते. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

मर्यादा

एकाच पदार्थाने रोग टळतो, या दाव्यास पुरेसा आधार नाही. लाभ संपूर्ण आहारातून आणि दीर्घकाळात होतो. जवसातील ओमेगा-३चे माशांतील प्रकारांत रूपांतर अल्प प्रमाणातच होते. तंबाखू, अपुरी झोप व बैठी जीवनशैली यांचे दुष्परिणाम केवळ आहाराने भरून निघत नाहीत. मधुमेह वा रक्तदाबाची औषधे आहार सुधारला म्हणून स्वतःहून बंद करणे धोकादायक ठरू शकते. मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी डाळींचे, तर रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच बदलणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

ज्वारी
जवस
मधुमेह
वऱ्हाडी खाद्यसंस्कृती