जुना कॉम्प्रेसर आणि पाणबुड्याचा श्वास

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी या गावांच्या दरम्यान, प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकांनी पाण्यात शोध घेतला. समुद्र सोलापूरपासून दूर असला, तरी खोल पाणी दूर नाही. पाणबुड्यांचे सिलिंडर जवळपास भरता यावेत असे एखाद्या संस्थेला वाटले, की प्रश्न येतो कॉम्प्रेसरचा. नवा महाग, म्हणून वापरलेला शोधला जातो. तो पारखायचा कसा? याचे उत्तर शाळेतल्या भौतिकी आणि रसायनशास्त्रातच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पाणबुड्याच्या सिलिंडरमध्ये सहसा ऑक्सिजन नसतो. असते साधी हवा, पण सुमारे २०० बार दाबाची. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर ८ ते १० बारच्या आसपास थांबतो. शिवाय टायर श्वास घेत नाही, त्यामुळे तिथल्या हवेत तेलाचा अंश असला तरी बिघडत नाही.

सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे टोक तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता एका दमात २०० पट दाबाला नेली, तर गणिताने तिचे तापमान सुमारे १,१०० अंश होईल! म्हणून हे काम तीन-चार टप्प्यांत करतात. प्रत्येक टप्प्यात दाब साधारण सहापट वाढवायचा, मग हवा थंड करून पुढे पाठवायची. तीन टप्पे धरले, तर तेच गणित प्रत्येक टप्प्याला सुमारे २३० अंश देते.

आता यंत्राकडे वळू. बाहेरचा रंग आणि विक्रेत्याचे शब्द बाजूला ठेवून चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, भरण्याचा वेळ. १२ लिटरचा सिलिंडर ५० वरून २०० बारपर्यंत न्यायला १२ × १५० = १,८०० लिटर हवा लागते. यंत्राची क्षमता मिनिटाला १०० लिटर असेल, तर १८ मिनिटे पुरावीत. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. इथली हवा सुमारे पाच टक्के विरळ, म्हणून १९ मिनिटे लागली तर तो यंत्राचा दोष नाही. २५ लागली तर मात्र दट्ट्याच्या रिंगा किंवा झडपा झिजल्याचा संशय घ्यावा. अंतिम दाब सिलिंडर निवल्यावरच वाचावा. ५० अंशांना दिसणारे २०० बार ३० अंशांना सुमारे १८८ उरतात.

दुसरी, टप्प्यांमधले दाब. ते उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावेत. एखाद्या टप्प्यानंतरचा दाब प्रमाणाबाहेर चढला, तर पुढच्या टप्प्याची झडप बहुधा गळत असते. गळक्या झडपेतून तापलेली हवा परत येते, पुन्हा दाबली जाते आणि आणखी तापते.

तिसरी, निचरा. थंड केलेल्या हवेतून पाणी आणि तेल बाहेर पडते. ते दुधाळ दिसणे नेहमीचे आहे. काळे व करपट वासाचे असेल, तर आत तेल जळत आहे असे समजावे.

चौथी, गाळणी. तिच्यातला सक्रिय कोळसा तेलाची वाफ धरतो आणि रेणवीय चाळणी बाष्प शोषते. तापमान वाढले की हिच्यावरचा भार वाढतो. एक घनमीटर जागेत ३० अंशांना जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते, ४० अंशांना ५१ ग्रॅम. म्हणून थंड देशातल्या पुस्तिकेत दिलेले गाळणीचे आयुष्य सोलापूरच्या मे महिन्यात गृहीत धरू नये.

या चारही कसोट्या उतरल्या, तरी मुख्य प्रश्न उरतोच: ही हवा श्वासाला योग्य आहे काय? दाबमापकाला चांगली आणि विषारी हवा यांतला फरक कळत नाही. नाकालाही नेहमी कळत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. तो दोन वाटांनी येतो: आत करपणाऱ्या तेलातून किंवा हवा घेण्याच्या तोंडाजवळच्या इंजिनाच्या धुरातून. कोळसा व रेणवीय चाळणी त्याला अडवत नाहीत; त्यासाठी मँगनीज व तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण असलेला वेगळा थर लागतो आणि तो ओलाव्याने निकामी होतो.

श्वसनाच्या हवेसाठीचे युरोपीय मानक, ईएन १२०२१, दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे फार तर ५ भाग चालवून घेते. समजा, आपल्या यंत्राच्या हवेत ते २० भाग निघाले. ३० मीटर खोलीवर एकूण दाब चौपट होतो. डाल्टनच्या नियमानुसार या वायूचा आंशिक दाबही चौपट, म्हणजे जमिनीवरच्या ८० भागांइतका होतो. हिमोग्लोबिनशी त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक आहे. खाली ऑक्सिजनचाही दाब चौपट असल्याने त्रास काही काळ झाकला जातो. वर येताना ऑक्सिजनचा दाब घटतो, पण हिमोग्लोबिनला चिकटलेला विषारी वायू लवकर सुटत नाही. पाणबुड्याची शुद्ध हरपण्याचा धोका नेमका तेव्हा वाढतो.

म्हणून आम्ही असे सुचवू, की यंत्र पूर्ण तापेपर्यंत चालवावे, तेव्हाच्या हवेचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि अहवाल येईपर्यंत पैसे देऊ नयेत. नव्या गाळणीने पहिल्या तासात दिलेली स्वच्छ हवा पुरेसा पुरावा नाही. यंत्र विजेच्या मोटरवर चालणारे असल्यास बरे. इंजिनाचे असल्यास हवा घेणारी नळी वाऱ्याच्या दिशेला, धुरापासून दूर असावी.

वर्गात यातला पहिला धडा सायकलच्या पंपाने सहज देता येईल. विद्यार्थ्यांना पंपाचे टोक चाचपू द्यावे आणि विचारावे: इथे तेलाचा थेंब असता, आणि या हवेवर कोणाचा तरी श्वास अवलंबून असता, तर आपण काय काय तपासले असते?